बाबांची खोली पहाटे १८ अंशांवर आणायची: थंडीच्या महिन्यातल्या कामाच्या नोंदी

१ तारीख

आज पहाटे साडेपाचला बाबांच्या खोलीत १३.४ अंश होतं, बाहेर ७. दोन ब्लँकेटं अंगावर असूनही त्यांचे हात गार पडलेले आणि बोलणं जरा सावकाश वाटलं म्हणून ताप बघायचं थर्मामीटर लावलं, तर ३५.६. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले ३५ च्या खाली गेलं की थेट दवाखाना, वाट बघायची नाही, आणि वयस्कर माणसाला थंडी वाजतेय हे नीट कळतच नाही, हुडहुडीही कमी भरते, त्यामुळे ते "मला काही होत नाहीये" म्हणाले तरी त्यावर जाऊ नका. बाबा ७८ चे आहेत आणि सकाळपासून तेच वाक्य म्हणतायत.

आमच्याकडे वर्षातले अकरा महिने उकाड्याचे, आणि घर त्याच हिशोबाने बांधलेलं. गुळगुळीत गार फरशी, चार बाय चार फुटांची सरकती खिडकी, दारावर झडप, दाराखाली फट, डोक्यावर पंखा. उष्णता बाहेर कशी जाईल याचाच विचार सगळीकडे केलाय. हा एक महिना आला की सगळे म्हणतात तीनचार आठवडे कसेबसे काढायचे, अंगावर काहीतरी घ्यायचं. यंदा मला कसेबसे काढायचे नाहीत.

लक्ष्य: पहाटे १८ अंश. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या घरांबद्दलच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये थंडीत घरात किमान १८ असावं असं आहे, तोच आकडा धरलाय. ज्यांच्या घरी म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून रोज लिहून ठेवतेय.

२ तारीख

घाईत हिटर आणला, २००० वॅटचा पंख्यावाला. ही या महिन्यातली सगळ्यात महाग चूक, पुढे कळेलच.

खोलीतलं सॉकेट लहान, ६ अँपिअरचं, हिटरची पिन मोठी, म्हणून एक्सटेन्शन बोर्ड लावून चालू केला. वीस मिनिटांत जळका वास. हात लावला तर बोर्डाची पिन चटका बसेल इतकी तापलेली. २००० भागिले २३० म्हणजे जवळजवळ पावणेनऊ अँपिअर, ६ च्या सॉकेटमधून ओढत होते. वेळीच नाकाला कळलं नसतं तर बाबांच्या पलंगाच्या मागेच आग लागली असती. कृपया हे कोणी करू नका. हिटर थेट भिंतीतल्या १६ अँपिअरच्या सॉकेटलाच लावायचा. आमच्याकडे तसं सॉकेट पॅसेजमध्ये आहे, मग हिटर दाराशी ठेवून लावला.

साडेनऊ ते अकरा चालवला, तीन युनिट गेली. अकराला २१ अंश, मी खूश. एक वाजता उठून बघितलं तर १५.५!

सकाळी शांतपणे हिशोब केला. खोलीतली सगळी हवा मिळून वजन भरतं ३७-३८ किलो, आणि भिंती, फरशी, छत मिळून कित्येक टन. मी ती ३७ किलो हवा तापवली, आणि हिटर बंद झाल्यावर ती उष्णता त्या गार भिंतींनी आणि फटींनी ओढून घेतली. म्हणजे हिटर मोठा आणून भागणार नाही, आधी गळती बंद करायला पाहिजे.

३ तारीख

थर्मामीटर चुकीच्या जागी होतं. बाहेरच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेलं, म्हणजे ते हवेपेक्षा भिंतच जास्त मोजत होतं. दुसरं आणून बाबांच्या उशीच्या उंचीला, आतल्या भिंतीच्या बाजूला ठेवलं, दोन्हींत १.१ चा फरक. तेव्हा १ तारखेचे १३.४ म्हणजे खरे साधारण १४.५. आधीच्या नोंदी खोडत नाही, पण यापुढचे सगळे आकडे उशीजवळचे.

५ तारीख

आज फक्त फटी शोधल्या. पद्धत सोपी: टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी, पहाटे बाहेर गार असताना बाथरूमचा एक्झॉस्ट चालू करायचा म्हणजे हवा आत ओढली जाते, आणि पट्टी कडेकडेने फिरवायची. जिथे फडफडेल तिथे पेन्सिलने फुली.

दाराखाली एक सेंटिमीटरची फट. दार ९० सेंटिमीटर रुंद, म्हणजे एकूण ९० चौरस सेंटिमीटर, भिंतीला तळहाताएवढं भोक पाडल्यासारखं. दारावरच्या झडपेला तर काचच नाही, नुसती जाळी. सरकत्या खिडकीच्या दोन पल्ल्यांच्या मध्ये जी केसाळ पट्टी असते ती झिजून टक्कल पडलेली. एसीच्या पाइपाचं भोक. आणि ज्याचा मला अंदाजच नव्हता, स्विचबोर्ड! वायरिंगच्या नळीतून गार हवा येत होती.

६ तारीख

दिवसभर काम, साधारण सात तास, त्यातले तीन वाया.

पहिली चूक, खिडकीला ६ मिलिमीटरची फोमची टेप लावली, खिडकी बंदच होईना, कडी बसेना. सगळी खरवडून काढली, चिकटपणा निघायलाच तास गेला. सरकत्या खिडकीला फोम चालत नाही, तिला तीच केसाळ ब्रश पट्टी लागते, जुनीचा तुकडा कापून नेऊन त्याच मापाची आणायची आणि खाचेत सरकवायची. फोमची टेप उघडमीट करणाऱ्या दाराच्या चौकटीला मात्र छान बसली.

दुसरी चूक, दाराखाली जुन्या चादरीची गुंडाळी ठेवली. रात्री बाबा उठले आणि पायात आली. पडले नाहीत पण माझा जीव वर गेला. सकाळी गुंडाळी फेकली, दाराच्या पल्ल्यालाच खालून रबराची पट्टी स्क्रूने ठोकली. म्हातारं माणूस असलेल्या घरात जमिनीवर सुटं काहीही ठेवायचं नाही.

झडपेला जाड पुठ्ठा कापून त्यावर कापड गुंडाळून घट्ट बसवला. एसीच्या भोकाला पुट्टी. स्विचबोर्डासाठी इलेक्ट्रिशियन येईपर्यंत थांबले, त्यात स्वतः काही कोंबायचं नाही.

आणि खिडकीच्या ट्रॅकला खाली दोन बारीक भोकं दिसली, त्यातून वारा येत होता, तीही सिलिकॉनने बुजवली. ही तिसरी चूक, पण ती आज कळली नाही.

७ तारीख

पहाटे १५.९! हिटर न लावता. दीड अंश नुसत्या फटींचा. खूप बरं वाटलं.

पण खिडकीच्या काचा आतून ओल्याचिंब.

८ तारीख

काचेवरचं पाणी ओघळून ट्रॅकमध्ये साचलं आणि तिथून भिंतीवर उतरलं. ती बारीक भोकं ट्रॅकमधलं पाणी बाहेर जायलाच असतात, आणि मी ती बुजवली होती. सिलिकॉन ब्लेडने कोरून काढलं. आता भोकांत स्पंजचा छोटा तुकडा खोचलाय, वारा अडतो आणि पाणी झिरपतं.

पण इतकं पाणी आलं कुठून? तर थंडीत कपडे बाहेर वाळत नाहीत म्हणून मी ते बाबांच्या खोलीत दोरीवर टाकत होते. आज वजनच केलं. पिळलेले ओले कपडे ६.१ किलो, वाळल्यावर ४.३. म्हणजे पावणेदोन लिटरच्या वर पाणी रोज त्या खोलीच्या हवेत जात होतं, आणि फटी बुजल्यावर त्याला बाहेर जायला वाट उरली नाही. खोलीत १८ अंश आणि ७० टक्के दमटपणा असेल तर साडेबारा अंशांच्या आसपास असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी धरतं, आणि आमची काच पहाटे त्याच्या खाली होती. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं, ते ओढलं तर मागे काळी बुरशी. बाबांना आधीच खोकला आहे.

उपाय: कपडे खोलीतून बाहेर. कपाट भिंतीपासून चार इंच पुढे. बुरशी साबणाच्या पाण्याने पुसून भिंत कोरडी केली, पुसताना तोंडाला मास्क. आणि रोज दुपारी एकच्या सुमाराला, बाहेर सगळ्यात उबदार असतं तेव्हा, दहा मिनिटं खिडकी आणि दार दोन्ही सताड उघडं. एवढ्याशा वेळात हवा बदलते, भिंतींची ऊब जात नाही.

१० तारीख

आज जे कळलं त्यासाठी एक पैसाही लागला नाही, आणि ते दहा दिवस उशिरा कळलं म्हणून हळहळतेय.

आमच्या घरात कित्येक वर्षांची सवय, सकाळी दहा वाजता पडदे ओढायचे, संध्याकाळी उघडायचे. उन्हाळ्यात तेच बरोबर. पण मी या महिन्यातही तेच करत होते! बाबांच्या खिडकीत हिवाळ्यात दहा ते तीन थेट ऊन येतं, कारण या दिवसांत सूर्य खालून जातो, आणि मी पाचशे वॅटच्या हिटरच्या आसपास उष्णता देणारं ऊन रोज पडद्याने अडवत होते. आणि संध्याकाळी सातला "हवा येऊ दे" म्हणून पडदा उघडायचे, बरोबर गारठा पडायच्या वेळेला.

आता उलट. ऊन आलं की पडदा पूर्ण बाजूला, खिडकीची काच पुसलेली, फरशीवर ऊन पडेल तिथली चटई काढलेली, म्हणजे फरशी तापते. चार वाजता पडदा बंद. रात्री आठला हात लावला, फरशी अजून कोमट.

पहाटे १६.६.

११ तारीख

काच आणि पडदा. काचेला आतून पाणी फवारून बबल रॅप चिकटवला, फुग्यांची बाजू काचेकडे. उजेड येतो, बाहेरचं दिसत नाही. आधी बाबांना विचारलं, तर म्हणाले झाड दिसलं पाहिजे, म्हणून एक पल्ला मोकळा सोडला.

पडदा खिडकीच्या खाली चार बोटं संपत होता आणि वर दांडीपाशी मोकळा. पडद्यामागची हवा काचेला लागून गार होते, जड होऊन खालून पलंगावर उतरते, वरून नवी हवा आत जाते, आणि हे रात्रभर चालतं. हात पडद्याखाली धरला की गार झुळूक लागायची. खालून दुसऱ्या पडद्याचा कापड जोडून जमिनीपर्यंत केला, वर दांडीवर पुठ्ठ्याची आडवी फळी टाकून बंद केलं. शिवणकाम दीड तास.

पलंगामागच्या भिंतीला अ‍ॅल्युमिनिअमची फॉइल पण लावली आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजलं, आकडा भलताच आला. मला वाटलं कमाल झाली. मग कळलं की चकचकीत पृष्ठभागावर ते यंत्र चुकतं, समोरच्या वस्तूचं प्रतिबिंब मोजतं. फॉइलवर कागदी टेपचा तुकडा चिकटवून टेपवर मोजलं तर फरक नगण्य. फॉइल काढून टाकली.

१३ तारीख

पलंग. आम्ही वरून ब्लँकेटं वाढवत होतो, तीन झाली, बाबांना वजन सहन होईना. बाबांचा पलंग पट्ट्यांचा, खाली मोकळा, आणि गादी जुनी, दबलेली. अंगाखाली जे दबतं त्यातली हवा जाते, आणि ऊब धरून ठेवते ती हवाच. म्हणजे बाबा खालून गार पडत होते. एक ब्लँकेट वरून काढून गादी आणि चादरीच्या मधे घातलं, गादीखाली पुठ्ठा. त्याच तीन ब्लँकेटांत फरक पडला, सकाळी हातपाय ऊबदार. पलंगही बाहेरच्या भिंतीपासून दीड फूट आत घेतला.

१४ तारीख

आज माझ्या हातून बाबांना इजा झाली. गरम पाण्याची पिशवी भरून पायाशी ठेवली, वरून पातळ टॉवेल, आणि रात्रभर तशीच राहिली. सकाळी घोट्याजवळ लालबुंद डाग, रुपयाएवढा फोड. बाबांच्या पायाची संवेदना कमी आहे, त्यांना कळलंच नाही. फार भाजलं असं वाटणार नाही इतकी गरम वस्तूही तास न् तास एकाच जागी टेकून राहिली तर भाजते. डॉक्टरांना दाखवलं, मलम दिलंय, बरं होईल.

आता नियम: उकळतं पाणी नाही, झोपायच्या अर्धा तास आधी पिशवी पांघरुणात ठेवायची, बाबा आडवे झाले की काढून घ्यायची. अंथरूण तापलेलं असतं तेवढं पुरतं. दीड लिटर पाणी ६० वरून ३५ वर येईपर्यंत साधारण ०.०४ युनिटएवढी उष्णता देतं, आणि ती जिथे पाहिजे तिथेच देते. हिटर दीड तासात तीन युनिट खात होता.

१५ तारीख

शेजारच्या काकूंनी प्रेमाने सांगितलं, कोळशाची शेगडी ठेव, आमच्याकडे ठेवतात. हात जोडून नाही म्हंटलं. बंद खोलीत कोळसा, लाकूड, गॅस काहीही जाळलं की कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला रंग नाही, वास नाही, माणूस झोपेतच जातो. आणि मी तर सगळ्या फटी बुजवल्यात. काकूंना बसवून हे सांगितलं, त्यांनी त्यांच्याकडचीही रात्री बाहेर काढून ठेवायचं कबूल केलं.

१७ तारीख

पहाटे १७.१. मी वहीत आकडा लिहीत होते तेव्हा बाबा उठून बसले होते. मी म्हंटलं, "बाबा, आता बरं आहे ना?" ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "अगं, खोली चांगलीच झालीय. पण मला थंडी खोलीत वाजतच नव्हती. रात्री दोनतीनदा बाथरूमला जावं लागतं ना, तिथे वाजते. एकदा जाऊन आलं की तासभर पाय गरम होत नाहीत. म्हणून मी संध्याकाळपासून पाणीच कमी पितो."

सोळा दिवस मी खोली मोजत होते, त्यांना एकदाही विचारलं नव्हतं की तुम्हाला नक्की कधी, कुठे थंडी वाजते. आणि ते पाणी तोडत होते.

लगेच थर्मामीटर बाथरूममध्ये नेऊन ठेवलं.

१८ तारीख

बाथरूम पहाटे तीनला: ९.८. तिथल्या खिडकीच्या काचेच्या पट्ट्यांच्या झडपा वर्षभर उघड्याच असतात, बाहेरची हवा थेट आत. बाबा गरम अंथरुणातून उठून ९.८ मध्ये, ओल्या फरशीवर, अनवाणी.

काम दोन तासांचं. झडपांवर आतून पारदर्शक जाड प्लास्टिकची सरकती पट्टी केली, रात्री बंद, सकाळी अंघोळीनंतर उघडी. (आमचा गीझर विजेचा आहे. गॅसचा गीझर बाथरूममध्ये असेल तर या झडपा कधीही, कुठल्याही थंडीत बंद करायच्या नाहीत, कारण वर १५ तारखेला लिहिलंय तेच.) रात्री झोपायच्या आधी फरशी वायपरने कोरडी करायची. पलंगाशी मागून बंद असलेल्या, रबरी तळाच्या चपला. पायमोजे घालून गुळगुळीत फरशीवर चालू द्यायचं नाही, घसरतात. उशाशी लोकरीची टोपी आणि पुढून उघडणारा स्वेटर, डोक्यातून घालायचा नाही, कारण झोपेत हात अडकतात. वाटेत पायाच्या उंचीवर लहान दिवा.

बाबांना संध्याकाळी दोन ग्लास पाणी माझ्यासमोर प्यायला लावलं.

१९ तारीख

बाथरूम पहाटे १४.२. बाबा दोनदा उठले. म्हणाले परत आल्यावर लगेच झोप लागली. सोळा दिवसांच्या कामापेक्षा या दोन तासांचा उपयोग जास्त झाला.

२१ तारीख

महिन्यातली सगळ्यात थंड रात्र, बाहेर ४.५. वर दिवसभर ढग होते, ऊन नाही, त्यामुळे फरशी गारच. आज हिटर काढला. दोन हजारवर नाही, त्याच्याच १००० च्या खुणेवर, थेट १६ अँपिअरच्या सॉकेटला, पलंगापासून चार फूट लांब, मी जागी असताना. रात्री साडेनऊ ते साडेदहा आणि पहाटे पाच ते सहा. दोन युनिट. पहाटे पाचला १६.३, सहाला १८.२. उजेडाच्या सुमाराला बाबांचं अंगाचं तापमान ३६.४.

गळती बंद झाल्यावर निम्म्या वॅटमध्ये भागतं. आधी फटी बघितल्या असत्या तर छोटा हिटरच आणला असता, आणि वाचलेल्या पैशांत ब्रश पट्टी, रबर पट्टी, बबल रॅप, पडद्याचा कापड सगळं येऊन वर उरले असते.

२४ तारीख

दोन गोष्टी जमल्या नाहीत. छतापाशी ऊब साचते म्हणून पंखा सगळ्यात हळू लावून ती खाली आणायचा प्रयत्न, आमचा पंखा उलटा फिरत नाही, सरळ फिरला की अंगावर वारा, बाबांनी पाच मिनिटांत बंद करायला सांगितलं. आणि पलंगाशी गालिचा, कडा उचलल्या जात होत्या, चारही बाजूंनी टेप लावला तरी दोन दिवसांत सुटला. पडायची भीती थंडीपेक्षा मोठी, गालिचा काढला, चपला पुरेत.

२७ तारीख

पाच दिवसांचे पहाटेचे आकडे: १७.०, १७.४, १६.८, १७.५, १७.३, हिटरशिवाय. १८ रोज होत नाही, हे सरळ लिहिते. खोलीच्या छतावर थेट उघडी गच्ची आहे, तिथून जाणारी ऊब मी यंदा थांबवू शकत नाही. बाबांचं तापमान मात्र १९ पासून एकदाही ३६ च्या खाली आलं नाही.

दादाचा फोन आला, त्याच्याकडे सासूबाई आहेत, विचारत होता कुठून सुरू करू. म्हंटलं आधी त्यांना विचार रात्री किती वेळा उठता, मग थर्मामीटर घेऊन त्यांच्याच वाटेने चाल.

३० तारीख

दुपारी आता खोलीत २५ होतं, बाबांनी बबल रॅप काढायला सांगितला. काढून गुंडाळून त्यावर खिडकी कुठली ते लिहून ठेवलं. झडपेचा पुठ्ठा, बाथरूमची पट्टी आणि लांब पडदा एका पिशवीत, पिशवीवर मार्करने "बाबांची खोली". ब्रश पट्टी आणि दाराचं रबर तसंच राहू देतेय, उन्हाळ्यात धूळही अडवेल. ट्रॅकमधले स्पंज काढले, पावसाळ्यात भोकं मोकळी पाहिजेत. घोट्याचा फोड सुकलाय. बाबा आत्ता खिडकीशी उन्हात बसलेत, पाण्याचा ग्लास शेजारी, रिकामा.